८० टक्क्यांच्या अलीकडे राहिलेल्यांचे काय?

प्रति,
केंद्रीय ग्रामविकास मंत्रालय, नवी दिल्ली

इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तीवेतन योजनेतील ८० टक्के दिव्यांगत्वाची अट मंत्रालयाने आजवर कायम ठेवली आहे, आणि या हट्टाला अन्याय हाच शब्द लागू पडतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने आरक्षणासारख्या लाभांसाठी ४० टक्के दिव्यांगत्व पुरेसे मानले. मंत्रालय मात्र निवृत्तीवेतनासाठी त्याच्या दुप्पट टक्केवारी मागते आणि वर कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असल्याचा पुरावाही मागते.

मूळ दोष मोजमापात आहे. प्रमाणपत्रावरील टक्केवारी हानी किती झाली हे सांगते. दिवसाचे आठ तास, महिनोन्महिने काम टिकवता येईल का, हे ती सांगत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मज्जातंतूंवरील आवरण नष्ट करणारा आजार, किंवा विदर्भ व नंदुरबारच्या आदिवासी भागांत आढळणारा सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, यांत रुग्ण तपासणीच्या दिवशी स्वतःच्या पायांनी येतो आणि पुढच्याच आठवड्यात अंथरुणाला खिळतो. रोजंदारीत खाडा झाला की मजुरी बुडते, आणि खाडे वाढले की मुकादम बोलावणेच बंद करतो. अशा मजुराची टक्केवारी ६० किंवा ७० भरली, तर मुकादमाच्या लेखी तो कामाचा नाही आणि मंत्रालयाच्या लेखी पुरेसा दिव्यांग नाही.

कार्यक्षमता मोजता येत नाही, ही सबब टिकणारी नाही. मानसिक आजारासाठी शासन स्वतःच वापरत असलेल्या ‘आयडियाज’ या मापनश्रेणीत स्वतःची काळजी, परस्परसंबंध आणि संवाद व आकलन यांच्या बरोबरीने ‘काम’ हा स्वतंत्र निकष आहे. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाने तर १९९६ मध्येच दिवसाचे आठ तास, आठवड्याचे पाच दिवस सातत्याने काम करण्याची क्षमता ही कसोटी शब्दबद्ध केली.

जे ८० टक्के गाठतात, त्यांच्या हाती केंद्राकडून पडतात महिना ३०० रुपये, दिवसाला १० रुपये, आणि तेही २०१२ पासून तेवढेच. विधवा निवृत्तीवेतनही ३०० रुपयेच आहे. कायद्याचे कलम २४ दिव्यांगांचे साहाय्य इतरांसाठीच्या तत्सम योजनांपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावे असे सांगते. त्या हिशेबाने ही रक्कम निदान ३७५ रुपये हवी होती. संसदेचा कायदा मंत्रालयावर बंधनकारक नाही काय?

मंत्रालयाने पात्रता ४० टक्क्यांवर आणावी, चढउतार असलेल्या आजारांत मागील १२ महिन्यांत काम किती टिकले याची नोंद वैद्यकीय मंडळाकडून घ्यावी आणि निर्णयाची तारीख जाहीर करावी.