खाणीत पाणी आहे, पायरी कुठे आहे?

परवा भाचीबरोबर शिवनेरीवर गेले होते. सात दरवाजे चढेपर्यंत माझा जीव अर्धा झाला, ती मात्र टणाटण पुढे. वर गंगा-जमुना टाक्यांपाशी टेकलो. भर उन्हाळ्यात आत पाणी! भाची तटाच्या चिऱ्यांकडे बघत म्हणाली, "आत्या, गडावर एवढा दगड आणला कुठून गं?"

आणला कुठून? गडाच्याच पोटातून! तट, बुरूज, वाडे यांचा दगड खालून चढवायचा म्हटलं तर किती बैल, किती माणसं लागतील. म्हणून सह्याद्रीतल्या गडांवर रीतच होती, वरच खाण पाडायची. खडकात ओळीनं चौकोनी भोकं पाडून त्यात पाचरी ठोकायच्या, म्हणजे दगड सरळ रेषेत सुटतो. अर्धवट राहिलेल्या टाक्यांच्या कडेला अशी भोकं अजून दिसतात. आणि दगड निघाला की खड्डा तसाच टाकून जायचं नाही. डोंगरउताराचं पाणी आपसूक येईल अशीच जागा आधीपासून धरलेली. कुठे उतरायला पायऱ्या, कुठे छत तोलायला मधे खडकाचेच खांब सोडलेले. रायगडावरच्या गंगासागर तलावातला दगडही गडाच्या बांधकामाला गेला, असं सांगतात.

आमच्या जुन्नर भागात तर टाकी खोदण्याची विद्या दोन हजार वर्षांची. दोनशेच्या वर लेणी आहेत इथे, आणि लेण्यांजवळ पाण्याची टाकी. जुन्या शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलंय. लेणी आणि पोढी दान देणाऱ्यांत बायकाही होत्या बरं का, भिक्षुणी होत्या तशा घरसंसार करणाऱ्याही. नाणेघाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. तिथल्या दगडी रांजणापाशी सगळे फोटो काढतात. जवळच्या टाक्यांत वाकून बघणारे थोडेच.

हे सगळं मी मोठ्या कौतुकानं सांगत होते, तर भाचीने मधेच विचारलं, "मग आपल्या खाणीला पायऱ्या का नाहीत?"

मी गप्पच झाले.

माहेरच्या गावाबाहेर एक खाण आहे. रस्त्यासाठी खडी हवी होती, म्हणून सुरुंग लागले, क्रशर धडधडला, घराघरात धूळ बसली. खडी गेली, ठेकेदार गेला, खड्डा राहिला. पावसाळ्यात तो भरतो आणि पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरतं. कडा मात्र भिंतीसारखी उभी, कठडा नाही की कुंपण नाही. दोन वर्षांपूर्वी वहिनी, म्हणजे या पोरीची आई, तिथे गोधड्या धुवायला गेली. भिजलेली गोधडी ओढताना पाय सुटला. झुडूप हाती लागलं म्हणून वाचली, हात मोडला त्यावर भागलं. गावातली माणसं काय म्हणाली? "कशाला गेली तिकडं?"

या प्रश्नाचा मला फार राग येतो. कशाला म्हणजे? नळाला दोन दिवसांआड पाणी येतं म्हणून! ज्यांनी गोधडी कधी पिळली नाही त्यांनीच हे विचारावं.

खडी नको असं मी म्हणत नाही. रस्ता आपल्यालाच हवाय, घरंही बांधायचीत. दगड फोडणाऱ्यांनाही मी बोल लावणार नाही. पाथरवट आणि वडार मंडळींनी आपल्याला जाती, पाटे, देवळं, घाट सगळं दिलं. (लहानपणी जात्याला टाकी लावणारी बाई दारावर यायची. तिनं टाकलेल्या जात्याचं पीठ आम्ही खायचो, पण तिला बसवायचो ओट्याखाली. आज आठवलं की मान खाली जाते.) माझं भांडण आहे ते खाण अर्धवट टाकून जाण्याशी. परवाना देताना किती ब्रास दगड काढणार ते लिहून घेतात, त्यावर सरकारला स्वामित्वधन मिळतं. मग काम संपल्यावर एका बाजूनं उतार आणि पायऱ्या, उरलेल्या बाजूंनी कठडा, एवढं करून घ्यायला काय हरकत आहे? जे छिन्नी-हातोड्यानं जमलं ते पोकलेनला जमू नये?

ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते, कायद्यातच आहे ते. आमच्याकडे ती बऱ्याचदा रजिस्टरमध्येच उरकते. सह्या घरपोच येतात, आपण चुलीपुढून उठून करतो. मीही केल्यात. या वेळी मात्र वहिनीनं आळीतल्या बायकांना सांगून ठेवलंय, सही सभेत बसून करायची, आणि खाणीचा विषय घेतल्याशिवाय करायची नाही. अर्ज भाचीने लिहिलाय. खाली पायऱ्यांचं चित्रही काढलंय. वहिनीनं ते बघितलं आणि म्हणाली, "अजून रुंद काढ. भिजलेली गोधडी घेऊन दोघींना चढता आलं पाहिजे."