दोष दिवाणखान्याचा की कचेरीचा?

सॅम मेंडिस यांच्या ‘अमेरिकन ब्यूटी’ या १९९९ सालच्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर पारितोषिके लाभली. उपनगरी सुखवस्तू कुटुंबाचे पितळ उघडे पाडणारी ही ‘ब्लॅक कॉमेडी’ भांडवली समाजावरील आघात म्हणून वाखाणली जाते. कॉन्रड हॉल यांचे छायालेखन आणि ॲनेट बेनिंग यांचा अभिनय अव्वल आहे, याविषयी दुमत नाही. पण आघात कोणावर झाला, हे तपासले पाहिजे.

नायक लेस्टर बर्नम चौदा वर्षे एका मासिकाच्या कचेरीत खर्डेघाशी करतो आहे. एके दिवशी नवा ‘कार्यक्षमता-तज्ज्ञ’ फर्मावतो : आपण काय काम करतो ते प्रत्येकाने लिहून द्यावे, म्हणजे कोणाला ठेवावे व कोणाला काढावे हे ठरवता येईल. रोगाचे मूळ येथे आहे, आणि पटकथाकार ॲलन बॉल यांना ते दिसलेही आहे. परंतु लेस्टर वरिष्ठांना बदनामीची धमकी देऊन वर्षभराचा पगार पदरात पाडून घेतो, आणि ती कचेरी पडद्यावरून कायमची नाहीशी होते. सहकाऱ्यांशी एक शब्द नाही, संघटनेचा विचारही नाही. बंडाचे फलित काय, तर १९७० सालची पाँटियाक फायरबर्ड मोटार! असले बंड भांडवलशाहीला खुशाल चालते. बंडखोर तिचा ग्राहकच राहतो.

मग आरोपीच्या पिंजऱ्यात कोण? पत्नी. घरविक्रीचा व्यवसाय करणारी कॅरोलिन घर खपले नाही म्हणून स्वतःच्याच थोबाडीत मारून घेते. तीही त्याच बाजाराची बळी. पण तिच्या वाट्याला हशा येतो आणि नवऱ्याच्या वाट्याला सहानुभूती. तिच्या रेशमी सोफ्याची टवाळी होते, त्याच्या मोटारीचे मात्र कौतुक! हॅम्बर्गरच्या दुकानात कमीत कमी जबाबदारीची नोकरी मागणे ही लेस्टरची मौज आहे. तेथे राबणाऱ्या इतरांची ती रोजीरोटी आहे.

अखेर मृत लेस्टर जगातील सौंदर्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करतो. नोकरकपातीवर सौंदर्यदृष्टी हा उतारा नव्हे! घर पोखरणारी असुरक्षितता कचेरीतून आलेली असताना केवळ घराला हसणे म्हणजे मालकाला निर्दोष सोडणे होय. कार्यकर्त्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा; मात्र पाहून झाल्यावर एक प्रश्न जरूर विचारावा : ज्यांच्यापाशी धमकी देण्याजोगे काहीच नव्हते, त्या उरलेल्या नोकरांचे काय झाले?