बोलीचा दिमाख आणि घोड्याचे मोल

मार्गशीर्षी पौर्णिमेला दत्तजयंती येते आणि तापीच्या काठी सारंगखेड्यास एकमुखी दत्ताची यात्रा भरते. नवस फेडणाऱ्या भाविकांइतकीच या यात्रेला ओढ असते ती घोड्यांच्या शौकिनांची. 1906 साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा हे गाव पश्चिम खानदेशात पडले. पुढे ते धुळे जिल्ह्यात मोडू लागले, आणि 1998 पासून ते नंदुरबार जिल्ह्याच्या शहादे तालुक्यात आहे. कागदावरच्या सीमा अशा तीनदा बदलल्या, तरी बाजार जागचा हलला नाही. धुळे, जळगाव, मालेगावच्या टांगेवाल्यांनी एके काळी येथूनच जनावरे नेली. टांगे गेले, नवरदेवाची घोडी आणि हौशी बागायतदाराचा घोडा मात्र अजूनही येथूनच जातो.

अलीकडे या बाजाराच्या बातमीचे स्वरूप बदलले आहे. अमुक घोड्याला कोटीची मागणी आली, त्याच्या रोजच्या खुराकात दूध, तूप आणि बदाम असतात, त्याला पाहण्यासाठी झुंबड उडाली, असे वृत्तांत दर डिसेंबरात झळकतात. ते बारकाईने वाचले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. कोटीची ही वार्ता बहुधा मागणीची असते, विक्रीची नसते. मालकाने विकण्यास नकार दिला, या वाक्याने ती संपते. घोडा मालकाच्याच दावणीला राहतो, आणि किंमत तेवढी गावोगाव फिरते. ज्या किमतीला कोणी घेतले नाही आणि कोणी दिले नाही, तिला किंमत म्हणावे काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

तो विचारणे अगत्याचे आहे, कारण याच वाटेने गेलेल्या दुसऱ्या एका बाजाराचा इतिहास उपलब्ध आहे. तो अरबी घोड्यांचा. वाळवंटातील बदाऊनी टोळ्यांनी हा घोडा युद्धासाठी वाढवला. त्यांच्यात कुळी आईकडून मोजली जाई, आणि उत्तम घोडी विकणे हा कमीपणा समजला जाई. हेच अरबी घोडे शतकानुशतके गलबतांतून चौल, दाभोळ आणि गोव्याच्या बंदरांत उतरले आणि दख्खनच्या फौजांत गेले. पुढे मुंबईत अरब सौदागरांचे तबेले उभे राहिले. तेव्हाही हा घोडा महागच होता. पण घेणाऱ्याला त्याच्या पाठीवर बसावयाचे असे. मराठी फौजेत शिलेदार स्वतःच्या घोड्यावर चाकरी करी आणि बारगीर सरकारी घोड्यावर. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची पायरी घसरे. अशा माणसाला घोड्याची पारख हा शौक नव्हता. तो त्याच्या अन्नाचा प्रश्न होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा घोडा अमेरिकेत वेगळ्याच रिंगणात उभा राहिला. ॲरिझोना राज्यातील स्कॉट्सडेल येथे 1980 च्या दशकात अरबी घोड्यांचे जे लिलाव होत, ते नाटकाच्या पहिल्या प्रयोगासारखे असत. रंगमंच, प्रकाशझोत, वाद्यवृंद, उंची पोशाखातील निमंत्रित, आणि या साऱ्यांच्या मध्यभागी तेल लावून चकचकीत केलेली घोडी. 1981 साली पोलंडमध्ये पैदास झालेला एल् पासो हा घोडा आर्मंड हॅमर या उद्योगपतीने 10 लाख डॉलरांना घेतला. 1984 साली एका घोडीला 25 लाख डॉलरांहून अधिक बोली मिळाली. हे घोडे ना शेतात राबत होते, ना शर्यत जिंकत होते. त्यांच्या किमतीला आधार होता तो दोन गोष्टींचा: उद्या याहून अधिक देणारा भेटेल ही आशा, आणि घोडेपालनात दाखवलेला तोटा इतर उत्पन्नातून वजा करू देणारा करकायदा. 1986 साली अमेरिकेने करकायदा बदलला आणि केवळ पैसा गुंतवून दूर बसणाऱ्यांची ही सवलत काढून घेतली. पाहता पाहता बाजार कोसळला. घोडे तेच होते, त्यांची कुळी तीच होती, डोळे तितकेच पाणीदार होते. नाहीसा झाला होता तो पुढचा गिऱ्हाईक; आणि त्याच्यावाचून त्या किमतीत दुसरे काहीच नव्हते.

दुसरा धडा पोलंडचा आहे, आणि तो शासनाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. यानुफ पोडलास्की येथील सरकारी अश्वपैदास केंद्र 1817 साली स्थापन झाले. दुसऱ्या महायुद्धात तेथील घोडे पश्चिमेकडे हलवावे लागले. फेब्रुवारी 1945 मध्ये ड्रेस्डेन शहरावर बाँबवर्षाव झाला, तेव्हा त्यांचा तांडा त्याच शहरात होता. त्या आगीत मोतद्दारांनी लगाम हातचे सोडले नाहीत, म्हणून काही अनमोल घोडे बचावले आणि त्यांचा वंश पुढे चालला. या पुण्याईवर तेथील वार्षिक लिलाव जगप्रसिद्ध झाला. 2015 साली पेपिता नावाच्या घोडीला 14 लाख युरो मिळाले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 2016 मध्ये, अनेक वर्षे ते केंद्र सांभाळणाऱ्या जाणत्या संचालकाला सरकारने दूर केले. त्या ऑगस्टच्या लिलावात एमिरा नावाची घोडी प्रथम साडेपाच लाख युरोंना गेल्याचे जाहीर झाले. मग तीच घोडी पुन्हा रिंगणात आणली गेली आणि सव्वादोन लाखांना विकली गेली. मंडप तोच होता, दिव्यांची रोषणाईही तीच होती. पण घोडा जाणणारी माणसे गेली की दिमाखाला विश्वासाचे बळ उरत नाही, हे एका संध्याकाळी जगाने पाहिले.

आता पुन्हा तापीच्या काठी यावे. सारंगखेड्याच्या यात्रेला गेल्या दशकात ‘चेतक महोत्सवा’ची जोड मिळाली. घोड्यांच्या स्पर्धा, नृत्य, सौंदर्याची परीक्षा, पर्यटकांसाठी वातानुकूलित तंबू असा थाट झाला. राज्याचे पर्यटन खाते त्यात उतरले. 2017 च्या अखेरीस पर्यटन महामंडळाने अहमदाबादच्या एका कंपनीशी या महोत्सवासाठी केलेला 321 कोटी रुपयांचा करार, गंभीर आर्थिक अनियमिततेचे कारण देऊन राज्य शासनाने 2019 साली रद्द केला. दोष कोणाचा, हा येथे मुद्दा नाही. ज्या बाजारात घोडेवाले कडबा अंथरून उघड्यावर रात्र काढतात, तेथे शेकडो कोटींचा विचार प्रथम तंबूंपासून सुरू व्हावा, ही दृष्टीच तपासून पाहण्याजोगी आहे.

महोत्सवाने काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सारंगखेड्याचे नाव महाराष्ट्राबाहेर गेले, दूरचे शौकीन येऊ लागले, गावातील दुकानदाराला चार दिवस बरे गेले. उत्सवाला मुळात नाके मुरडण्याचे कारण नाही. यात्रा म्हणजेच उत्सव. परंतु उत्सव बाजारासाठी आहे की बाजार उत्सवासाठी, हे एकदा ठरले पाहिजे. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जुनी रीत आहे. तिच्यात लबाडीला वाव असतो, हे खरे; पण तिचा एक गुण असा की, तेथे कोणी टाळ्यांसाठी बोली वाढवीत नाही. रुमालाखाली हात घालणाऱ्याने आधी घोड्याचे दात पाहिलेले असतात, खूर उचलून पाहिलेला असतो, अंगावरचा भोवरा कोठे आहे, देवमण आहे की नाही, रेवाल चाल खरी की शिकवलेली, याची खात्री केलेली असते. भोवऱ्यांच्या शुभाशुभावर कोणी विश्वास ठेवो न ठेवो, त्या निमित्ताने घोडा नखशिखांत पाहिला जात असे. प्रकाशझोतात उभ्या केलेल्या घोड्याचा खूर कोण उचलून पाहणार?

या बाजारात अस्सल अरबी घोडा क्वचितच येतो. येथे येतात ते मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडील शुभ्र नुकरा. परंतु अरबी घोड्याकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे वंशाची नोंद. जगातील अरबी घोड्यांच्या वंशावळीच्या नोंदवह्या देशोदेशी ठेवल्या जातात आणि त्यांना आंतरराष्ट्रीय मान्यता असते. जळगावचा सराफ बाजार ज्याने पाहिला आहे, त्याला याचे महत्त्व सांगावयास नको; सोने कितीही पिवळे दिसले तरी त्याचा कस लावल्यावाचून तेथे पाऊल पुढे पडत नाही. सारंगखेड्यास मात्र घोड्याची कुळी पुष्कळदा मालकाच्या तोंडच्या शब्दावर मानावी लागते. महाराष्ट्राच्या स्वतःच्या भीमथडी घोड्याची कथा तर अधिक बोलकी आहे. डोंगरी तट्टू आणि बाहेरून आलेले अरबी-तुर्की घोडे यांच्या संकरातून झालेली, मराठी स्वाऱ्यांत टिकलेली ही जात; तिला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद मिळाली ती 2024 साली. ती आजवर जगवली कोणी? मेंढ्यांमागे बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या धनगरांनी. त्यांच्या तट्टांना कोटीची मागणी कधी आली नाही, आणि त्यांचे छायाचित्रही कोणी छापले नाही.

म्हणून शासनाला आणि बाजार समितीला करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातले बहुतेक तंबूंपेक्षा स्वस्त आहे. यात्रेच्या दिवसांत पुरेसे पाणी, कायमचा पशुवैद्य, ग्लँडर्ससारख्या संसर्गाची सक्तीची तपासणी, मोतद्दारांना थंडीत निवारा, विकल्या गेलेल्या प्रत्येक घोड्याची ओळख व वंश यांची नोंद, आणि मागणीची नव्हे तर प्रत्यक्ष विक्रीची आकडेवारी रोजच्या रोज जाहीर करणे. या शेवटच्या एका गोष्टीने निम्मा फुगारा ओसरेल. खरी किंमत कळली तर कर्ज काढून शिंगरू घेणारा तरुण स्वप्नाच्या भावाने फसणार नाही, आणि पाळणाऱ्यालाही आपल्या कष्टाचे वाजवी मोल मागता येईल.

2020 साली कोरोनामुळे यात्रा भरली नाही. त्या वर्षी ना बोली होती, ना बातमी. तरीही पहाटे उठून घोड्याला खरारा करावाच लागला, तोबऱ्यात चंदी घालावीच लागली. ती ज्यांनी घातली, त्यांच्यामुळे पुढच्या यात्रांना घोडे उरले. बाजाराची चिंता वाहणाऱ्यांनी आपली गणिते त्या तोबऱ्यापासून मांडावीत.