हसायची चोरी

दिवाळी अंकात हा विषय पाहून काही नाके मुरडली जातील. मुरडोत बापड्या! चकल्या-अनारसे या अंकात इतरत्र सापडतीलच.

आमच्या वाडीत, अमरावती रोडलगतच्या गल्लीत, समोरच्यांची सून हळदीकुंकवाला येईनाशी झाली. पहिलेच बाळंतपण, मुलगा पाच महिन्यांचा. खोदून विचारले तेव्हा बोलली, "मावशी, शिंक आली, हसू आलं, की लघवी सुटते. बसमध्ये चढायची धास्ती वाटते." म्हणून तिने पाणी पिणेच तोडले होते! सासूबाईंचे उत्तर ठरलेले : "चालायचंच. आम्ही कुठं सांगत बसलो?"

पुष्कळ जणींना होते, हे खरे. बाळंतपणानंतर सुमारे तिघींतल्या एकीला होते. पण "चालायचंच" हे मला मान्य नाही. अहो, हे न सांगणेच आपल्याला भोवले आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी आपल्या शेजारच्या गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आले. शेकडा ९२ जणींना स्त्रियांचा कोणता ना कोणता आजार निघाला. आधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८!

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर विसावतात. बाळ बाहेर येताना ती फार ताणली जाते. डिंकाचे लाडू खुशाल खा, पण त्यांनी किंवा पोटपट्ट्याने या झोळीला बळ येत नाही. ते येते व्यायामाने. अमेरिकेतील डॉ. केगेल यांनी १९४८ साली तो मांडला. लघवी आणि वारा एकदम रोखल्यासारखे आतून आवळायचे, वर खेचायचे, आठ-दहा सेकंद धरायचे, तितकाच वेळ सैल सोडायचे. सुरुवातीला तीन-चार सेकंद जमले तरी चालेल. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडू नका, ढुंगण-मांड्या आवळू नका, आणि लघवी करता करता मात्र हा प्रयोग नको. भाजी निवडताना करा, कोणाला पत्ताही लागत नाही! गुण यायला तीन महिने धीर धरावा लागतो. पाणी तोडू नये. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये.

जळजळ, ताप, लघवी अडणे, सतत गळणे किंवा अंगातून काही खाली आल्यासारखे वाटणे, यांपैकी काही असेल तर वाट न पाहता डॉक्टर गाठा. तीन महिने व्यायाम करूनही फरक नसेल तरी जा. आणि तिथे "खाली थोडा त्रास आहे" असे मोघम नको. "शिंकताना लघवी सुटते," असेच सांगा.