कपाट कोण सरकवणार?

घर झाडलं असं आपण म्हणतो, तेव्हा दिसतं तेवढंच झाडलेलं असतं. केरसुणी कपाटाच्या पायापाशी येते आणि वळते. पलंगाखाली हात पुरेल तिथवर जाते. फ्रिजमागं तर जातच नाही. पाहुण्याचा डोळा जिथवर, तिथवर स्वच्छता. या देशाचा सगळा कारभारच असा चाललाय. पुढची बाजू लख्ख, मागं जळमटं.

दोस्त म्हणतील, लेका, मासिक बंडखोरांचं आणि तू फ्रिजमागचा केर काय काढत बसलास? काढणार. कारण तो केर कुणीतरी काढतंच, आणि कोण काढतं हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

आधी तिथं असतं काय ते बघू. जुन्या फ्रिजच्या पाठीवर काळी जाळी असते. आतली उष्णता बाहेर टाकायचं काम तिचं. तिच्यावर धुळीची गोधडी चढली की उष्णता अडते, कॉम्प्रेसर जास्त वेळ धापा टाकतो आणि विजेचं बिल फुगतं. खाली कॉम्प्रेसरपाशी एक ट्रे असतो, त्यात पाणी साचतं. आठवडाभर कुणी बघितलं नाही तर डेंगीच्या डासाच्या अळ्या तिथं वाढतात. ओट्याखाली झुरळं. त्यांची विष्ठा, गळलेली कवचं सुकून हवेत मिसळतात आणि दम्याच्या पोराची छाती वाजायला लागते. उंदीर वायर कुरतडतो, गॅसची नळी कुरतडतो. पावसाळ्यात भिंतीला चिकटलेल्या कपाटाची पाठ गंजते, मागं बुरशी धरते. तेव्हा हा मामला श्वासाचा आहे.

आता आपली खोली घ्या. बी. डी. डी. चाळीतली जुनी खोली 160 चौरस फुटांची. त्यात पलंग, कपाट, फ्रिज, पाण्याचं पिंप आणि माणसं. कपाट ओढायचं तर पलंग उभा करावा लागतो आणि माणसं गॅलरीत काढावी लागतात. पलंगाखाली ट्रंका, पातेली, म्हाताऱ्याचं अंथरूण, पोरांची जुनी पुस्तकं. तेच आपलं गोडाऊन. 'तुमच्या वस्त्या घाण' म्हणणाऱ्या साहेबानं एकदा स्वतःच्या तीन बेडरूमच्या घरात कपाटामागं बघावं. जागा असून तो तिथं कधी वाकलेला नाही. त्याच्यासाठी आपल्या आया वाकतात.

माझी आई तीन घरची धुणीभांडी करते. दिवाळीआधी एका घरची बाई म्हणाली, "मावशी, जरा कपाटाला हात लावा." जरा! जाड पत्र्याचं लोखंडी कपाट, रिकामंच 70-80 किलोच्या घरात. हे तर साड्या-भांड्यांनी गच्च भरलेलं. साहेब सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेले, पायाला केर लागू नये म्हणून. आईच्या कमरेत उसण भरली. चार दिवस तिला उठता आलं नाही. पगारातनं चार खाडे कापले. आणि लक्ष्मीपूजनाला त्याच घरात केरसुणीला हळदकुंकू वाहिलं. केरसुणीची पूजा आणि केरसुणी धरणाऱ्या हाताचा खाडा!

मी गोदीत ओझं उचलतो. तिथं ओझ्याला वजन असतं, वजनाला भाव असतो, भाव मारला तर मुकादमाशी भांडता येतं. 1948 च्या फॅक्टरी कायद्यात कलम 34 होतं. इजा होईल एवढं वजन कामगाराला उचलायला लावायचं नाही, असं त्यात लिहिलेलं. 1969 ला महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांसारखे लढले, पाठी मोडलेले हमाल रस्त्यावर उतरले, तेव्हा झाला. 2008 ला घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा आला. पण कपाटाचं वजन त्यात कुठाय? तेच ओझं बाजारात उचललं तर हमाली, घरात उचललं तर 'जरा हात लावा'.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कपाट, पलंग, फ्रिज सरकवणं झाडूपोछ्यात धरायचं नाही. ते वेगळं काम. त्याची मजुरी आधी ठरवा. बाई नाही म्हणाली तर ते नाही ऐकून घ्या. आणि ज्याचं कपाट, त्यानं ते स्वतः रिकामं करावं, स्वतः सरकवावं.

हे साहेबाला सुनावणं सोपं आहे. आता आपल्याकडं या. सभेत समतेवर गळा फाडणारा आपला कार्यकर्ता घरी येऊन पलंगावर पाय पसरतो आणि त्याची बायको त्याच पलंगाखाली पोटावर सरपटत केर काढते. ही कुठली क्रांती? 1942 ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना स्वच्छ राहायला सांगितलं. आपण पुरुषांनी त्याचा सोयीचा अर्थ काढला, की केरसुणी बायकांच्याच वाट्याची. मनुस्मृती जाळली म्हणायचं आणि तिची राख पलंगाखाली सारून ठेवायची, असा हा प्रकार आहे.

ताकदीचं काम आहे ना? मग ताकदवाल्यानं करावं. गोदीत शिकलेलं सांगतो, फुकट. कपाट आधी रिकामं करा. दोघं जण लागा. कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा. पहारीनं एक बाजू बोटभर उचला आणि पायाखाली गोणपाटाची चौपदरी घडी सारा. मग ढकला, फरशीवर चरा न पडता कपाट सरकतं. फ्रिजचं बटण बंद करून प्लग काढा, मगच हात लावा. जाळी कोरड्या ब्रशानं झाडा, ट्रे निघत असेल तर काढून घासा, नाही तर फडक्यानं पाणी टिपा. परत लावताना भिंतीपासून चार बोटं जागा सोडा, म्हणजे वारा खेळेल. तोंडाला फडकं बांधा, वर्षाची धूळ आहे ती.

येत्या रविवारी करा. सभा असेल तर सभेआधी करा. आईला, बायकोला त्या वेळात गॅलरीत खुर्ची टाकून द्या, हातात चहा द्या. आणि पोरांना दारात उभं करा. बाप पलंगाखाली शिरून केर काढताना त्यांना दिसू दे.