मूळ सायलेन्सर कुठं आहेत?

बालमित्रांनो, येझदी मोटारसायकल पाहिलीत का कधी? सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन! तिचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. म्हणून हौशी लोक जुनी येझदी आजही शोधत असतात.

आमच्या सोनारीत एका काकांनी आपली येझदी विकायला काढली. थोरल्या लेकीची फी भरायची होती. हँडल, सायलेन्सर, रंग, सगळं बदललेलं. काका म्हणाले, "खरेदी अधिक खर्च, म्हणजे किंमत!" वहीतल्या गणितात हे बरोबर. पण आपली हौस ती गिऱ्हाइकाचीही असेल, असं थोडंच आहे?

बघे पुष्कळ आले. "शेवटचे किती?" एवढं विचारून गेले. मग बार्शीचे एक पाहुणे आले. खाली बसून त्यांनी इंजिन नंबर, चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिले. खरं गिऱ्हाईक असं ओळखावं!

त्यांनी विचारलं, "मूळ सायलेन्सर कुठं आहेत?"

काका म्हणाले, "हेच की मूळ."

धाकटी पटकन बोलली, "नाही पप्पा, ते बळदात पोत्यात आहेत!"

काका ओशाळले. पाहुणे मात्र खूश! मूळ भाग मिळाले म्हणून त्यांनी दोन हजार वाढवूनच दिले.

मुलांनो, कागदावर एक नि गाडीत दुसरंच, हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात बसत नाही. बदल लपवला, तर घेणारा अडकतो आणि आपला शब्द जातो.

आता तुमच्या सायकलीत काय काय बदललंय, त्याची खरी यादी करा. मग सांगा किंमत!