मुलांची विजेची मोटारसायकल : फाटकाबाहेर ती खेळणे राहत नाही

हिरो मोटोकॉर्पच्या 'विडा' या विजेच्या दुचाकींच्या शाखेने डिसेंबर २०२५ मध्ये 'डर्ट-ई के-३' ही छोटी मोटारसायकल बाजारात आणली. ती चार ते दहा वर्षांच्या मुलांसाठी असून केवळ खडबडीत, रस्त्याबाहेरच्या जमिनीवर चालविण्यासाठी आहे. प्रारंभीची किंमत ६९,९९० रुपये. कऱ्हाटी भागातील हिशेबाने सांगायचे, तर केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी ठरविलेल्या टनाला ३,५५० रुपये या एफआरपीने सुमारे वीस टन ऊस. तोही तोडणी-वाहतूक वजा न करता. नीरा डाव्या कालव्याखालच्या बागायतदाराला ही रक्कम जड नाही. मुलाचा हट्ट, आजोबांचे कौतुक आणि शेजारच्या वस्तीवर आलेली तशीच गाडी एवढे झाले की खरेदी ठरते. गाडी घरी आल्यावर मूल ती चालविणार कोठे, याचा विचार मात्र खरेदीआधी फारसा होत नाही.

अशी वाहने जगाला नवी नाहीत. ऑस्ट्रियाच्या केटीएमने २०१९ मध्ये मुलांसाठी 'एसएक्स-ई ५' ही विजेवरची स्पर्धेची मोटारसायकल आणली आणि त्याच वर्षी हार्ले-डेव्हिडसनने मुलांच्या विजेच्या दुचाक्या बनविणारी 'स्टॅसिक' ही कंपनी विकत घेतली. तिकडे त्या चालविण्यासाठी कुंपण घातलेली मातीची मैदाने असतात, प्रशिक्षक असतात. आपल्याकडे पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात २८ जानेवारी २०२४ रोजी इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा या खेळाला मोठा प्रेक्षक लाभला. पण प्रेक्षक मिळणे वेगळे आणि तालुक्याच्या गावी सरावाची जागा मिळणे वेगळे.

कायदा काय म्हणतो, हे पाहणे येथे आवश्यक ठरते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येनुसार केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनविलेले विशेष प्रकारचे वाहन 'मोटार वाहन' ठरत नाही. मुलांच्या या गाड्यांना नोंदणी नाही, क्रमांक नाही, ते याच आधारावर. बॅटरीवरच्या दुचाकीला आणखी एक सवलत आहे. मात्र त्यासाठी मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असावा लागतो. 'डर्ट-ई'ची मोटर ५०० वॉटची आहे. म्हणजे ही सवलत तिला मिळणे कठीण. साहजिकच गाडी आवारात आहे तोवर खेळणे, बाहेर आली की वाहन, असाच अर्थ पालकाने धरून चालणे शहाणपणाचे.

आता 'बाहेर' म्हणजे कोठे? याच कायद्यात 'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे ज्या रस्त्यावर, वाटेवर वा जागी लोकांना येण्याजाण्याचा हक्क आहे ते ठिकाण. डांबर असलेच पाहिजे असे नाही. पाणंद त्यात येते, आठवडे बाजाराचे मैदानही येते. बारामती-इंदापुरात अनेक कुटुंबे गावठाण सोडून शेतातल्या वस्तीवर राहतात. अंगण संपते तेथेच पाणंद लागते आणि पाणंद पुढे ज्या रस्त्याला मिळते, त्यावर गाळपाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांकडे अहोरात्र चाललेले असतात. उभ्या उसामुळे वळणावर पलीकडचे काही दिसत नाही. पेट्रोलच्या गाडीचा निदान आवाज तरी येतो. ही गाडी जवळजवळ नि:शब्द धावते आणि तिच्यावरचे मूल उंच ट्रॅक्टरवरच्या चालकाच्या नजरेच्या टप्प्याखाली राहते. शिवाय विजेची मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते. घाबरलेले मूल मूठ सोडण्याऐवजी आवळून धरते, हे सायकल शिकविणाऱ्या कोणत्याही बापाला ठाऊक आहे. कंपनीने वेगाच्या तीन पायऱ्या ठेवल्या आहेत, त्यांचा उपयोग जरूर आहे. मात्र पालक मागे उभा असेल तरच.

सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीनाने मोटार वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक वा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. शिवाय त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. 'मला माहीत नव्हते' हा बचाव कायद्याने ठेवला आहे, पण स्वत:च गाडी आणून देणाऱ्याला तो कसा घेता येणार? १९ मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर अल्पवयीन चालकाच्या वडिलांनाही अटक झाली होती. ती मोटार होती, ही छोटी दुचाकी. तुलना पूर्ण लागू नाही. तरीही विम्याचा मुद्दा उरतोच. नोंदणी नाही म्हणून तृतीय पक्ष विमा नाही. पाणंदीवर एखादी म्हातारी या गाडीने पडली, तर तिच्या औषधोपचाराचा खर्च कोणतीही विमा कंपनी देणार नाही.

गंमत अशी की, आई-वडिलांच्या मागे बसणाऱ्या चार वर्षांखालील मुलासाठी हेल्मेट, सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा सांगणारा नियम २०२२ मध्येच अधिसूचित झाला. स्वत: गाडी हाकणाऱ्या चार वर्षांच्या मुलाचा विचार नियम करणाऱ्यांना सुचला नसावा.

मग माळरान आहेच, असे कोणी म्हणेल. सुपे, मोरगावकडचा जिरायती पट्टा मोकळा दिसतो खरा. परंतु सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे आणि तेथील चिंकारा याच गवतावर जगतो. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचे गवताळ रानही तसेच. वनखात्याच्या जमिनीवर चाके फिरविणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो, आणि चाकांखाली जमिनीवरची पक्ष्यांची घरटी जातात ती वेगळीच.

स्वत:चे कुंपण घातलेले, विहीर व शेततळे नसलेले अर्धा एकर रान ज्याच्याकडे आहे, त्याने पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, गुडघे-कोपरांची कवचे आणि घोट्याच्या वर येणारे बूट यांचे पैसे किमतीत धरून ही गाडी घ्यावी. इतरांसाठी एक जागा सुचते. गाळप संपल्यावर उन्हाळ्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत साखर कारखान्यांचे ऊसगाड्यांचे तळ बहुतांशी रिकामे असतात. ती बंदिस्त आवारे आहेत, फाटकावर रखवालदार आहे आणि कारखाने सभासदांच्याच मालकीचे आहेत. एखाद्या वार्षिक सभेत हा विषय मांडायला हरकत नसावी.